विद्यार्जन आणि अर्थार्जन

बारावीचे निकाल लागून महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले, की आपल्या घराघरांतून एक प्रश्न दरवर्षी निघतो. मुलगा वा मुलगी आता मोठ्या गावी शिकावयास जाणार. खोलीभाडे, खानावळ, पुस्तके, येण्याजाण्याचा खर्च यांची बेरीज मांडली जाते. आणि मग कोणीतरी हळूच म्हणते, ‘तो म्हणतो, शिकता शिकता काही काम करीन.’ यावर वडील माणसांच्या बैठकीत दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, ‘आपल्या घरातल्या मुलाने शिकण्याच्या वयात दुसऱ्याच्या दुकानात उभे राहावे, इतकी का आपली पत गेली?’ दुसरा म्हणतो, ‘वीस वर्षांचा घोडा झाला, चार पैसे मिळविले तर कोठे बिघडले?’ आमच्या मते दोन्ही पक्षांचे बोलणे खरा मुद्दा सोडून आहे. पहिल्याला घराच्या अब्रूची काळजी, दुसऱ्याला घराच्या खर्चाची. मुलाच्या शिक्षणाचा विचार दोघांच्याही बोलण्यात नाही. या महिन्यात तोच वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

विद्यार्थ्याने पुस्तकावाचून अन्य कशास हात लावू नये, ही समजूत आपण समजतो तितकी जुनी नाही. छांदोग्योपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा आमच्या वाचकांस विदित आहेच. हारिद्रुमत गौतमांनी त्याचे उपनयन केले आणि पहिला पाठ म्हणून काय दिले? तर चारशे कृश, दुर्बळ गाई निवडून त्याच्या हवाली केल्या. त्यांच्या हजार झाल्यावाचून परतावयाचे नाही, असा निश्चय करून तो मुलगा वर्षानुवर्षे रानात राहिला. आणि ब्रह्माचे चार पाद त्यास कळले ते बैलाकडून, अग्नीकडून, हंसाकडून व मद्गु नावाच्या पाणपक्ष्याकडून. म्हणजे जे काम त्याच्याकडे सोपविले होते, त्या कामाच्या वाटेवरच त्यास विद्या भेटली. पण कथेचा उत्तरार्ध आपण पुष्कळदा विसरतो. परत आल्यावर सत्यकामाने गुरूस विनविले, की मला आपणच शिकवावे. आचार्यांकडून मिळालेली विद्याच खऱ्या उपयोगास येते, असे मी ऐकिले आहे. आणि गुरूंनी ती विद्या काही न वगळता त्यास सांगितली. कामाने शिष्य तयार झाला, गुरूने त्याची विद्या पुरी केली. यांपैकी एकावाचून दुसरे अपुरे आहे, हे सूत्र पुढील सर्व विवेचनात वाचकांनी ध्यानी ठेवावे.

पुढच्या काळात आपल्या समाजातील गरीब विद्यार्थ्याचा आधार म्हणजे वार आणि माधुकरी. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वार लावून जेवावयाचे आणि शिकावयाचे. या रीतीने किती तरी बुद्धिमान मुले वर आली, हे कोणीही नाकारणार नाही. वार घालणाऱ्या गृहिणींचे उपकारही थोर आहेत. तथापि या रीतीत एक उणीव होती. पोट भरत असे, पण हातास काही येत नसे. आणि दुसऱ्याच्या पाटावर बसून जेवताना मान खाली घालावी लागे ती लागेच. १९०९ साली पुण्यास निराश्रित मुलांसाठी अनाथ विद्यार्थी गृह निघाले. पुढे पुणे विद्यार्थी गृह या नावाने प्रसिद्धीस आलेल्या याच संस्थेने १९५५ साली मुद्रणविद्येच्या शिक्षणाची संस्था काढिली. विद्यार्थ्यास अन्नाबरोबर कसबही हवे, ही जाणीव आपल्याच लोकांत येणेप्रमाणे हळूहळू रुजली.

धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण तर घरोघर सांगण्याजोगे आहे. कोकणातून परीक्षेसाठी साताऱ्यास पायी गेलेला हा मुलगा पुढे मुंबईस शिकला तो शिकवण्या करून. आणि गणित विषय घेऊन १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाला. शिकवणी ही केवळ पैशाची सोय नव्हे. जो विषय दुसऱ्यास समजावून द्यावा लागतो, तो आपणांस पक्का करावाच लागतो. हे ज्याने ज्याने शिकविले आहे तो जाणतो. याच कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढिले, ही गोष्ट पुढे मुलींविषयी लिहावयाचे आहे म्हणून येथेच नोंदून ठेवितो.

परंतु ‘कमवा व शिका’ हे तीन शब्द महाराष्ट्राच्या तोंडी बसविले ते कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेल्या भाऊरावांनी आयुष्याच्या पूर्वार्धात किर्लोस्करांचे नांगर खेडोपाडी फिरून विकले होते. शेतकऱ्याच्या घरचे दैन्य आणि अज्ञान त्यांनी पुस्तकात वाचिले नव्हते, उंबरठ्यावर उभे राहून पाहिले होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली ती साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवीत. १९२७ साली गांधीजींनी या वसतिगृहास भेट दिली व त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव लाभले. मुलांनी पाणी भरावे, दळावे, शेतात खपावे आणि शिकावे, असा तेथील क्रम होता. हे वसतिगृह चालविताना धान्याची ददात पडली, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपल्या अंगावरचे सोने, अगदी मंगळसूत्रापर्यंत, दिले. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, आणि जे शाळेच्या मुलांपुरते होते ते पदवीच्या विद्यार्थ्यांसही लागू झाले. दिवसाचे काही तास श्रम, बाकीचे अध्ययन.

भाऊरावांच्या योजनेत नवे काय होते? गरीब मुलांनी काम करून शिकणे नवे नव्हते. शेतकऱ्याचा मुलगा खुरपणी-काढणी सांभाळून शाळेत येतच होता. नवे हे होते, की कामाचे स्थान शिक्षणाच्या आत आले. काम करणाऱ्या मुलावर कोणी उपकार करीत नव्हते. तो आपल्या श्रमाने आपले शिक्षण विकत घेत होता, म्हणून त्याची मान ताठ राहिली. आणि श्रम सर्वांसच होते, त्यामुळे अमुक मुलगा गरीब म्हणून कुदळ धरितो, असे म्हणावयास जागाच उरली नाही. याच बोर्डिंगात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. यापेक्षा निराळा दाखला देण्याचे कारण नाही.

नोकरी करणाऱ्यांची सोय दुसऱ्या वाटेनेही झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढिले, तेव्हा कचेरीत काम करणाऱ्या मुलांस शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेविले. १९५५ साली पुण्यात अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापिली. खेड्यांतून येणाऱ्या मुलामुलींनी अल्प खर्चात राहावे व वसतिगृहाची कामे आपण करावी, हा तिचा शिरस्ता. १९८९ साली नाशिकास निघालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने तर दिवसभर नोकरी वा घरकाम करणाऱ्यांसाठीच दार उघडिले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते, आणि आमच्या मराठवाड्याच्या विद्यापीठातही अशी योजना आहे. ग्रंथालय, कचेरी, बाग, प्रयोगशाळा येथे थोडे तास काम करावे व तासाप्रमाणे मानधन घ्यावे, असे तिचे सर्वसाधारण रूप.

परदेशांतही ही कल्पना अपरिचित नाही. अमेरिकेतील केंटकी प्रांतात १८५५ साली निघालेले बेरिया नावाचे महाविद्यालय विद्यार्थ्यांकडून शिकवणीची फी घेत नाही. मात्र प्रत्येकास आठवड्यास निदान दहा तास काम करावे लागते. सिनसिनाटीच्या विद्यापीठात हर्मन श्नायडर या अध्यापकाने १९०६ साली यंत्रविद्येच्या विद्यार्थ्यांस आळीपाळीने कारखान्यात व वर्गात पाठविण्याची पद्धत सुरू केली. आपल्याकडे १९६१ चा शिकाऊ उमेदवारीचा कायदा आहे; आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमात कार्यस्थळी जाऊन शिकण्यास किंवा क्षेत्रीय प्रकल्पास चार श्रेयांक ठेविले गेले आहेत. साताऱ्याच्या माळावर जे शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झाले, ते आता सरकारी अभ्यासक्रमात लिहिले गेले, इतकेच.

आता आमच्या धाराशिवाकडे वळू. निजामी अमदानीत येथल्या मुलास उच्च शिक्षण हवे असल्यास हैदराबादेस उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठात जावे लागे, नाही तर सरहद्द ओलांडून सोलापूर किंवा पुणे गाठावे लागे. १९४८ साली ती राजवट संपली. १९५८ साली मराठवाड्याचे विद्यापीठ निघाले. आज त्याचे उपकेंद्र धाराशिवातच आहे, आणि तुळजापुरास टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर १९८६ पासून आहे. शिकण्याची सोय वाढली, यात शंका नाही. पण २०१८ साली नीती आयोगाने विकासात मागे राहिलेल्या, आकांक्षित म्हटलेल्या जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत आमचाही जिल्हा होता. पावसाचा भरवसा नाही, कारखाने थोडे. म्हणून पदवी हाती आली की पुण्याची वाट धरावी, हा येथला रिवाज झाला आहे.

आणि पुण्यास जाऊन मुले काय करितात? पुष्कळ जण सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत अभ्यासिकेतील एक खुर्ची महिन्याच्या भाड्याने घेतात व स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत बसतात. या परीक्षा देऊ नयेत असे आम्ही म्हणत नाही. शासनास चांगली माणसे हवीतच. परंतु जागा थोड्या आणि उमेदवार असंख्य, हे गणित कोणासही समजण्याजोगे आहे. पाच-सहा वर्षे अशी गेली, यश आले नाही, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी मुलगा घरी परतला, तर त्याच्यापाशी पदवी असते, पण एक दिवसाच्याही कामाचा अनुभव नसतो. कोणी विचारले, ‘तुम्हांस काय येते?’ तर उत्तर सुचत नाही. घरात त्याची पुतणी त्याच्याशी पूर्वीसारखी बोलते, पण तो पंक्तीस उशिरा येऊ लागतो, लग्नकार्यास जाणे टाळतो. हे दुःख अनेक घरांत आहे व त्याची वाच्यता होत नाही. महाविद्यालयाच्या तीन-चार वर्षांत त्याने रोज दोन-तीन तास काही काम केले असते, तर परीक्षेचे अपयश हे त्या परीक्षेपुरतेच राहिले असते. आमच्या लेखी या प्रश्नाचे मर्म येथे आहे, खानावळीच्या बिलात नाही.

मात्र कोणतेही काम आणि कितीही वेळ, असे आमचे म्हणणे नाही. शाळामास्तरच्या सवयीने एक उदाहरण फळ्यावर मांडतो. आठवड्याचे तास १६८. झोप रोजची आठ तास धरिली तर ५६ गेले. व्याख्याने व प्रयोगशाळा यांस ३०. स्वतःचे वाचन-लेखन रोज चार तास याप्रमाणे सहा दिवसांचे २४. स्नान, भोजन, कपडे, जाणेयेणे रोज चार तास म्हणजे २८. एकूण १३८, शिल्लक ३०. यातून रोज तीन तास, सहा दिवस काम केले तर १८ तास जातात व १२ उरतात. दुखणेबाणे, खेळ, मित्र, घरचा फोन यांस तेवढे हवेतच. रोज पाच तास केले तर काहीच उरत नाही. आठ तासांची नोकरी धरिली तर ४८ तास लागतात. म्हणजे १८ तास कमी पडले, आणि ते एक तर झोपेतून येणार नाही तर अभ्यासातून. ज्यास पूर्ण वेळ नोकरी करणे भागच आहे, त्याने नेहमीच्या महाविद्यालयात नाव घालून गैरहजर राहण्यापेक्षा मुक्त विद्यापीठाचा रस्ता धरावा. त्यात कमीपणा नाही.

काम निवडताना वडील माणसांनी तीन प्रश्न विचारावेत. पहिला: सहा महिन्यांनी या मुलास असे काय येईल, जे आज येत नाही? औषधांच्या दुकानात, हिशेबनिसाच्या कचेरीत, छापखान्यात, वकिलाच्या हाताखाली, शिकवणीत या प्रश्नास उत्तर मिळते. मोटारसायकलवरून रात्री अकरापर्यंत जेवणाचे डबे पोचविणे हे प्रामाणिक काम आहे आणि ते करणाऱ्याविषयी आम्हांस आदरच आहे. पण पहिल्या महिन्यात जे शिकावयाचे ते शिकून झाले, की पुढे केवळ देह झिजतो. निकड असेल तर ते करावे, पर्याय मिळताच बदलावे. दुसरा: परीक्षेच्या काळात मालक रजा देईल काय? हे आधी विचारून ठेवावे, ऐन वेळी नव्हे. तिसरा: मोबदला ठरल्या तारखेस, शक्यतो बँकेच्या खात्यात मिळतो काय, आणि काम केल्याचा दाखला लेखी मिळेल काय? तोंडी शाबासकी पुढच्या नोकरीच्या वेळी दाखविता येत नाही.

जेथे काम मिळत नाही, तेथे कसब तरी मिळवावे. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जागेसाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटास ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द लागतो. हे येण्यास बुद्धीपेक्षा सहा महिन्यांची चिकाटी अधिक लागते. आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम असतो, भूम-कळंबकडे खव्याचा व्यापार आहे, तुळजापुरास बारा महिने यात्रेकरू येतात, तेरला प्राचीन वस्तूंचे संग्रहालय आहे. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने एका खवा-व्यापाऱ्याची एका हंगामाची वही नीट मांडून दिली, किंवा इतिहासाच्या विद्यार्थिनीने दूरदूरच्या पाहुण्यांस तेरचे प्राचीन वैभव तीन भाषांत समजावून सांगितले, तर ते शिक्षण कोणत्याही वर्गातील शिक्षणाहून उणे नाही.

एकत्र कुटुंबातील वडीलधाऱ्यांस दोन शब्द अधिक स्पष्ट लिहितो. आपल्या समाजात शिकवणीचे काम चालते, लेखणीचे चालते. पण गल्ल्यावर बसणे, वर्कशॉपात हात काळे करणे, कोणाच्या स्वयंपाकघरात राबणे यास आजही नाके मुरडली जातात. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या भिक्षुकीची दक्षिणा घेतली, त्यांनी कष्टाच्या मजुरीस कमी लेखावे यात तर्क नाही. दुसरे, मुलाच्या पहिल्या कमाईवर घराने झडप घालू नये. त्यास एक वही द्यावी. मिळकत व खर्च त्याने लिहावा, आणि घरास किती द्यावयाचे ते त्यानेच सांगावे. ‘आता मिळवितोस, तेव्हा फी तूच भर,’ असे म्हणून हात काढून घेणारे घर मुलास शिकवीत नाही, लोटून देते.

मुलींच्या बाबतीत तर न्यायाचा प्रश्न आहे. मुलगी महाविद्यालयातून आली की पोळ्या लाटते, धाकट्यांचा अभ्यास घेते, आजीची औषधे पाहते. हे सारे कामच आहे, पण त्यास मोबदला नाही आणि अनुभवाच्या दाखल्यात जागाही नाही. मुलाने बाहेर तीन तास काम केले तर त्यास ताट वाढून मिळते. मुलीने तितकेच केले तर आल्यावर तिला ओट्याशी उभे राहावे लागते. वर जो तासांचा हिशेब मांडला, तो तिच्या बाबतीत पुन्हा करून पाहावा. शिल्लक ३० तास कोठे जातात ते आपोआप कळेल. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटकांसह काही वर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. सरकारने फी सोडिली. घराने तिचे दोन तास सोडावेत. शिकत असलेल्या सुनेसही हाच न्याय लागू आहे.

सत्यकामाच्या गाई चारशेच्या हजार झाल्या, त्यास पुष्कळ वर्षे लागली. आपल्या मुलांपाशी तीन-चारच वर्षे आहेत. म्हणून येत्या महिन्यात प्रवेशाची फी भरण्याचा दिवस येईल, त्याच्या आदल्या रात्री जेवणे झाल्यावर घरातील सर्वांनी एकत्र बसावे. मुलास अथवा मुलीस मधोमध बसवावे, आणि तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: आठवड्याचे तास, कोणते कसब मिळवावयाचे ते, आणि घर आपल्याकडून काय सोडणार ते. पहिल्या दोहोंखाली विद्यार्थ्याने सही करावी, तिसरीखाली घरातील सर्वांत वडील माणसाने.